ताकोत्सुबो हृदयविकार: ट्रोपोनिन बेताचे आणि एनटी-प्रोबीएनपी भरमसाट, असे का?

शुभदा_मिरज

नमस्कार. माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून दमा आहे. गेल्या महिन्यात रात्री त्यांना दम्याचा जोराचा झटका आला. जवळच्या दवाखान्यात लागोपाठ नेब्युलायझर लावले, स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले आणि पहाटेपर्यंत श्वास बराच मोकळा झाला. सकाळी मात्र छातीत दडपल्यासारखे वाटू लागले आणि ईसीजी बदललेला दिसला. ट्रोपोनिनच्या (हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या) झटपट तपासणीच्या कार्डावर एकच रेघ उमटल्याने ‘निगेटिव्ह’ असे लिहिले गेले, तरीही तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात पाठवले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

अँजिओग्राफीत हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या कप्प्याचे टोक फुगलेले आणि जवळजवळ न हलणारे दिसले; ईएफ, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, ३५ टक्के होता. निदान ‘ताकोत्सुबो’, म्हणजे ताणामुळे उद्भवणारा हृदयस्नायूचा विकार, असे झाले. आता त्या घरी आहेत, हिंडतात-फिरतात, पण रिपोर्टांची फाईल समोर घेऊन बसले की मला काही केल्या मेळ लागत नाही.

रुग्णालयातले पहिले ट्रोपोनिन आय ३१२, सर्वांत जास्त ९४० आणि नंतर उतरते होते. एकक नॅनोग्रॅम प्रति लिटर आणि स्त्रियांसाठी मर्यादा १६ अशी छापली आहे. सीके-एमबी (हृदयस्नायूच्या इजेने वाढणारे एन्झाइम) किंचित वाढलेले. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारे द्रव्य) पहिल्या दिवशी २,१०० आणि दुसऱ्या दिवशी ७,८०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. पांढऱ्या पेशी १५,४००, सीआरपी (शरीरातल्या दाहाचा निर्देशांक) ३८, साखर २१२, सोडियम १३२, पोटॅशियम ३.२, क्रिएटिनिन ०.८. दुसऱ्या दिवशीच्या ईसीजीवर क्यूटीसी (प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ५१२ असे लिहिले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हृदयाचा एवढा मोठा भाग बंद पडला असताना ट्रोपोनिन इतकेच कसे वाढले? आमच्या एका नातेवाइकांनी ‘माझे तर हार्ट अटॅकच्या वेळी चाळीस हजारांवर होते, यांचे काहीच नाही’ असे सांगितले आणि घरात सगळे निर्धास्त झाले. तसे असेल तर डॉक्टरांनी आयसीयूत ठेवण्याचा आग्रह का धरला? एनटी-प्रोबीएनपी ७,८०० म्हणजे हृदय कायमचे निकामी झाले आहे का? आणि ज्या घरात त्या काळात ना दुःखाची बातमी आली ना भांडण झाले, तिथे ‘ताण’ कुठून आला?

वसंत_लॅब

शुभदाताई, मी जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे आकड्यांपुरते सविस्तर लिहितो. उपचारांबद्दल इथले हृदयरोगतज्ज्ञ सांगतील.

ट्रोपोनिन हे हृदयस्नायूच्या पेशीच्या आत, आकुंचन घडवणाऱ्या तंतूंना बांधलेले प्रथिन आहे. पेशी मेली की ते मोठ्या प्रमाणात रक्तात येते. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद होते, तिच्या हद्दीतला स्नायू तासागणिक मरत जातो आणि म्हणून पुढच्या भिंतीच्या मोठ्या अटॅकमध्ये आकडा हजारोंच्या घरात जाणे नेहमीचे आहे. ताकोत्सुबोमध्ये स्नायूचा बहुतांश भाग मरत नाही, तो बधिर होतो. अ‍ॅड्रेनलिनच्या वर्गातील द्रव्यांचा एकाएकी आलेला लोंढा पेशींची आकुंचनाची शक्ती काही काळ दाबून टाकतो; काही पेशींना इजा होते, थोड्या मरतातही, आणि तेवढ्याचेच ट्रोपोनिन रक्तात उतरते. इकोवर जे दिसते ते काम बंद असलेल्या स्नायूचे क्षेत्र असते, तर ट्रोपोनिन सांगते ते इजा झालेल्या स्नायूचे प्रमाण. या दोन्हींत पडलेले अंतर हीच या आजाराची खूण आहे. तुमच्या सासूबाईंचा ईएफ ३५ टक्के हृदयधमनी बंद पडून झाला असता, तर ९४० वर आकडा थांबणे फार अवघड होते.

मात्र ‘काहीच नाही’ हे म्हणणे बरोबर नाही. १६ च्या मर्यादेपुढे ९४० म्हणजे जवळजवळ साठपट. शिवाय नातेवाइकांच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्यांचा कागद नीट वाचायला हवा. ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय या वेगळ्या तपासण्या आहेत, आणि ट्रोपोनिन आयमध्येसुद्धा प्रत्येक कंपनीच्या संचाचे आकडे वेगळे येतात. त्यात एककांचा घोळ असतो: जुन्या रिपोर्टांवर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, तर नव्या अतिसंवेदनशील तपासणीत नॅनोग्रॅम प्रति लिटर असे छापतात, आणि या दोन्हींत हजारपटीचा फरक आहे. तुमच्याकडचे ९४० जुन्या पद्धतीच्या कागदावर ०.९४ असे दिसले असते. एकाने ०.९४ आणि दुसऱ्याने ९४० वाचून दोन वेगळ्या रोगांची कल्पना केल्याची उदाहरणे आमच्या खिडकीवर वरचेवर येतात.

कार्डाबद्दल एक गोष्ट. कार्डावर दुसरी रेघ उमटण्यासाठी रक्तात जितके ट्रोपोनिन लागते, ते यंत्रावरील अतिसंवेदनशील तपासणीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि लक्षणे सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत तर ते चुकण्याची शक्यता अधिकच. ताकोत्सुबोसारख्या आजारात, जिथे आकडा मुळातच मध्यम राहतो, तिथे कार्ड कोरे येणे अजिबात आश्चर्याचे नाही. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेत असल्यास काही संचांवर ट्रोपोनिन खोटे कमी येऊ शकते. रक्त देताना हे सांगावे, कारण कोणी आपणहून विचारत नाही.

सीके-एमबीची कथा ट्रोपोनिनसारखीच, फक्त अधिक मवाळ. ते पुष्कळांत थोडे वाढते, काहींत वाढतही नाही.

आता एनटी-प्रोबीएनपी. हे द्रव्य मृत पेशींतून गळत नाही. कप्प्याची भिंत ताणली गेली की जिवंत पेशी ते तयार करून सोडतात. टोकाकडचा भाग हलत नाही, तळाकडचा भाग मात्र जोराने आकुंचन पावत राहतो, आणि ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा फुगलेला तो कप्पा स्वतःच्याच भिंतीवर प्रचंड ताण घेतो. म्हणून ताकोत्सुबोमध्ये बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी हे आकडे ट्रोपोनिनच्या मानाने फार मोठे येतात. दुसऱ्या दिवशी आकडा तिपटीहून जास्त वर जाणे हेही अपेक्षित चढणीप्रमाणेच आहे, कारण एनटी-प्रोबीएनपीचे शिखर साधारणपणे सुरुवातीनंतर २४ ते ४८ तासांनी येते. तो हृदयाच्या त्या दिवसाच्या ताणाचा आकडा आहे, कायमच्या हानीचा दाखला नव्हे. क्रिएटिनिन ०.८ असल्याने मूत्रपिंडामुळे हा आकडा फुगला असण्याचा प्रश्नही इथे येत नाही.

त्याचे उतरणे मात्र सावकाश असते. हृदयाचे आकुंचन इकोवर काही आठवड्यांत पूर्ववत दिसू लागते, तरी एनटी-प्रोबीएनपी त्यानंतरही, कधी कधी तीन महिन्यांपर्यंत, थोडे चढे राहू शकते. पुढच्या तपासणीत ते ६०० आले, तर त्या एका आकड्यावरून घाबरू नका. आणि एकदा बीएनपी, एकदा एनटी-प्रोबीएनपी असे करू नका. ही दोन वेगळी द्रव्ये आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

डॉ_अनिकेत

वसंतरावांनी ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपीचे जे अंतर सांगितले ते खरे आहे, पण त्याला मी एक मर्यादा घालू इच्छितो, कारण हे वाचून कोणी घरबसल्या ‘ट्रोपोनिन कमी आहे, म्हणजे ताकोत्सुबोच असणार’ असा निष्कर्ष काढला तर तो जिवावर बेतेल.

२०१५ साली झुरिचच्या पुढाकाराने ‘इंटरटॅक’ या ताकोत्सुबो रुग्णांच्या नोंदणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९ देशांतील २६ केंद्रांमधले १,७५० रुग्ण होते आणि त्यांची तुलना हार्ट अटॅकच्या वर्गातल्या रुग्णांशी केली होती. दाखल होतेवेळचे ट्रोपोनिन दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. फरक होता तो सीके या स्नायूंतल्या एन्झाइममध्ये, जे ताकोत्सुबोत कमी होते, आणि बीएनपीमध्ये, जे जास्त होते. म्हणजे आपत्कालीन विभागात पहिल्या तासाला हातात आलेला एक ट्रोपोनिनचा आकडा या दोन आजारांना वेगळे करू शकत नाही. फरक स्पष्ट होतो तो पुढच्या दिवसांतली चढण पाहिल्यावर आणि तिची इकोशी सांगड घातल्यावर. एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन यांचे गुणोत्तर काढून निदान करण्याचे प्रयत्न झाले आहेत व निष्कर्ष आशादायक आहेत, पण संच बदलला की मर्यादा बदलते, म्हणून मी त्याला आधाराचे स्थान देतो, निर्णयाचे नव्हे. ईसीजीमध्ये एसटी हा रेषेचा भाग वर गेलेला असेल तर अँजिओग्राफी करायलाच हवी. त्याच नोंदणीत सुमारे १५ टक्के रुग्णांमध्ये ताकोत्सुबोबरोबर हृदयधमन्यांचा आजारही होता, तेव्हा एक सापडले म्हणून दुसरे नाही असेही समजता येत नाही.

आयसीयूच्या आग्रहाचे उत्तरही तिथेच मिळते. शारीरिक कारणाने आलेला झटका, मेंदूचा किंवा मनाचा तीव्र आजार, पहिलेच ट्रोपोनिन मर्यादेच्या दसपटीहून जास्त असणे आणि ईएफ ४५ टक्क्यांच्या खाली असणे, या चार गोष्टी रुग्णालयातील गुंतागुंतीचा धोका वाढवतात असे त्या अभ्यासात दिसले. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत यातल्या तीन होत्या. त्या नोंदणीत रुग्णालयातच दगावलेल्यांचे प्रमाण ४.१ टक्के होते. त्यामुळे अँजिओग्राफी स्वच्छ आली, आता सामान भरा, असे म्हणण्याजोगा हा आजार नाही. फुफ्फुसात पाणी साचणे, रक्तदाब कोसळणे, न हलणाऱ्या टोकात रक्ताची गुठळी होणे, हे सारे पहिल्या दिवसांतच घडते. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले.

तुमच्या यादीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा ट्रोपोनिनचा नाही, तर पोटॅशियम ३.२ हा आहे, आणि त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. दम्यासाठी नेब्युलायझरमधून दिले जाणारे सालब्युटामॉल रक्तातले पोटॅशियम पेशींच्या आत ढकलते. स्टिरॉइड त्यात भर घालते. ताकोत्सुबो स्वतःच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्यूटी लांबवतो. क्यूटीसी ५०० च्या वर आणि पोटॅशियम कमी, अशा वेळी हृदयाची लय एकाएकी धोकादायक रीतीने बिघडू शकते. म्हणून आम्ही पोटॅशियम ४ च्या वर ठेवतो आणि मॅग्नेशियम आवर्जून तपासतो. तुमच्या यादीत मॅग्नेशियम दिसत नाही, ते पुढच्या वेळी करून घ्या. त्या काळात छातीच्या संसर्गासाठी अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन अशी नेहमीची औषधेही विचारपूर्वक द्यावी लागतात, कारण तीसुद्धा क्यूटी लांबवतात. क्यूटीसी आता पूर्ववत झाला आहे का, हे एका साध्या ईसीजीने पाहता येईल.

‘ताण कुठून आला’ याचे उत्तर सासूबाईंच्या दम्यात आहे. हा आजार दुःखाशी इतका जोडला गेला आहे की शारीरिक कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. प्रत्यक्षात त्या नोंदणीत केवळ शारीरिक कारण ३६ टक्के, केवळ भावनिक कारण सुमारे २८ टक्के, आणि तेवढ्याच लोकांत कोणतेही कारण सापडले नाही. श्वास कोंडणे हा शरीराला बसणारा जबर धक्का आहेच, आणि वर दिलेली औषधे त्याच यंत्रणेला चालना देतात. याचा अर्थ नेब्युलायझर टाळावे असा कृपया घेऊ नका. दम्याचा झटका न आवरणे हे कितीतरी जास्त घातक आहे. दमा रोजच्या औषधांनी काबूत ठेवणे, जेणेकरून रात्रीतून इतक्या मात्रा द्यायची वेळ येणार नाही, हाच त्यावरचा मार्ग.

केतकी_इंटर्न

एक शंका विचारते. मूळ कारण अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा आहे असे म्हणतात, तर मग रक्तातले अ‍ॅड्रेनलिनच मोजून निदान का करत नाहीत? २००५ च्या बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात ते खूप वाढलेले आढळले होते असे वाचले आहे.

वसंत_लॅब

केतकी, तुम्ही वाचले ते बरोबर आहे. त्या अभ्यासात भावनिक धक्क्यानंतर आलेले १९ रुग्ण होते आणि त्यांच्या रक्तातली कॅटेकोलामाइन (अ‍ॅड्रेनलिनच्या वर्गातली) द्रव्ये गंभीर हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दोन ते तीन पट जास्त निघाली होती. या आजाराच्या कारणाबद्दलची आजची समज त्या निरीक्षणावर बरीचशी उभी आहे. परंतु नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तशी वाढ आढळली नाही. त्याची कारणे प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला पटण्यासारखी आहेत. अ‍ॅड्रेनलिन रक्तात काही मिनिटेच टिकते. लोंढा येऊन गेल्यावर काही तासांनी घेतलेल्या नमुन्यात त्याचा पत्ता लागेलच असे नाही. उलट सुई टोचण्याची भीती, वेदना, आयसीयूतला गोंगाट आणि रक्तदाब सावरण्यासाठी दिलेली औषधे यांनीही ते वाढते. नमुना थंड ठेवून लगेच वेगळा करावा लागतो, आणि निकाल येईपर्यंत रुग्णाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. त्यामुळे त्या रात्री त्याचा उपयोग नाही.

रक्तातल्या मायक्रोआरएनए या सूक्ष्म जनुकीय रेणूंवरून हार्ट अटॅक आणि ताकोत्सुबो वेगळे ओळखण्याचाही प्रयत्न झाला आहे. तो अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. असा रिपोर्ट कोणी विकत असेल तर घेऊ नये.

शुभदा_मिरज

दोघांचेही मनापासून आभार. पोटॅशियमबद्दल आम्हाला कोणी सांगितले नव्हते, ईसीजी या आठवड्यातच काढून घेतो. दोन गोष्टी राहिल्या. पांढऱ्या पेशी आणि सीआरपी वाढल्यामुळे ‘हृदयाला संसर्ग’ झाला होता का? आणि आमच्या डॉक्टरांनी चोवीस तासांच्या लघवीची ‘मेटानेफ्रिन’ ही तपासणी पुढे कधीतरी करून घ्या असे लिहिले आहे, ती कशासाठी?

डॉ_अनिकेत

पांढऱ्या पेशी आणि साखर यांची वाढ बरीचशी स्टिरॉइडची असते, आणि दम्याचा झटका छातीच्या संसर्गाने आला असेल तर सीआरपी त्यानेही वाढते. त्याखेरीज ताकोत्सुबोमध्ये स्नायूला सूज असते आणि दाहाचे निर्देशांक माफक प्रमाणात चढतात, हेही आता मान्य झालेले आहे. हृदयस्नायूच्या संसर्गजन्य दाहाची शंका खरोखर असेल, तर ती रक्ताने मिटत नाही, हृदयाच्या एमआरआयने मिटते: ताकोत्सुबोत सूज दिसते, पण गॅडोलिनियम हे एमआरआयचे इंजेक्शन दिल्यावर उमटणारे व्रण सहसा दिसत नाहीत. काही आठवड्यांनी इको पूर्ववत आला, तर हा प्रश्न बहुतेक आपोआपच सुटेल.

मेटानेफ्रिनची तपासणी फिओक्रोमोसायटोमा या अधिवृक्क ग्रंथीच्या दुर्मीळ गाठीसाठी असते. ही गाठ मधूनमधून अ‍ॅड्रेनलिनच्या वर्गातली द्रव्ये रक्तात सोडते आणि ताकोत्सुबोसारखेच चित्र निर्माण करते. २००४ च्या मेयो क्लिनिकच्या निदान-निकषांत अशी गाठ असेल तर ताकोत्सुबो म्हणायचे नाही असा नियम होता. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी तिला कारणांपैकी एक मानले. रक्तदाबाचे अचानक चढउतार, घामाने डबडबून जाणे, धडधड, डोकेदुखी यांच्या उबळी पूर्वी कधी येत होत्या का, ते सासूबाईंना शांतपणे विचारा. दम्याचे स्पष्ट कारण समोर असताना मला शंका कमी वाटते, पण एकदा तपासून घेण्यात गैर नाही.

वसंत_लॅब

तपासणी करायचीच तर आजारातून उठून काही आठवडे जाऊ द्या, कारण तीव्र आजारपणात मेटानेफ्रिन खोटे वाढलेले येते आणि मग विनाकारण पोटाचे स्कॅन सुरू होतात. लॅबमधून आम्ल घातलेला मोठा कॅन मिळेल. त्यात थेट लघवी करू न देता स्वच्छ भांड्यात घेऊन ओतायची. सकाळी सहा वाजता सुरुवात करायची असेल तर त्या वेळची लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची, रात्रीचीसुद्धा, कॅनमध्ये जमा करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची शेवटची धरायची. मधली एक जरी निसटली तरी आकडा खोटा कमी येतो, म्हणून निसटली तर तसे सांगा. लॅब दुसरा कॅन देईल. दुसरा पर्याय रक्तातल्या मुक्त मेटानेफ्रिनचा आहे, त्यासाठी वीस ते तीस मिनिटे आडवे पडून राहिल्यावर त्याच अवस्थेत रक्त घेतात. बसून घेतलेल्या नमुन्यात ते जास्त येते.

सासूबाई घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी फॉर्मवर लिहा: दम्याचे पंप, थिओफिलिनच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी काही चालू असेल तर तेही, आणि अंगदुखीसाठी घेतलेले पॅरासिटामॉलसुद्धा, कारण काही पद्धतींत ते मोजणीत अडथळा आणते. पंप किंवा गोळ्या तपासणीसाठी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. कोणते औषध थांबवता येईल हे दम्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. रिपोर्ट आला की एककासकट आणि लॅबने छापलेल्या मर्यादेसकट इथे टाका, म्हणजे नीट पाहता येईल.